गौराई थांबते

खंडेनवमीच्या सकाळी शिरोलीच्या मेट्रो डेपोत पान्हे, जॅक, मोजपट्ट्या, वेल्डिंगचे मुखवटे असं सगळं धुऊनपुसून एका लांब टेबलावर मांडलं होतं, आणि टेबलाच्या पलीकडे रुळांवर गौराई उभी होती.

कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं, अक्षरं आणि आकडे जोडून केलेलं. पण तिच्या चाकांवरचे सांगाडे उद्यमनगरात ओतले गेले, डबे इथेच जोडले गेले, आणि पहिला डबा रुळांवर उतरला तो नेमका गौरी आवाहनाचा दिवस होता. तेव्हापासून डेपोतली माणसं तिला गौराईच म्हणत. मोतिया रंगाचे चार डबे. इतर गाड्यांना पुढे ड्रायव्हरची केबिन असते; हिला तिथे नुसती मोठी काच होती आणि काचेमागे प्रवाशांसाठी बाकडं. चालवायला माणूस नाही. कोल्हापुरात आखलेली, कोल्हापुरात घडवलेली, आपली आपण धावणारी गाडी.

या गाडीचे डोळे ऋतुजा इंगवलेने केले होते. आज गाडीची परीक्षा होती, आणि ऋतुजाची आई डेपोच्या दारात अडकून पडली होती.

"काकू, बूट घालावे लागतील," सुरक्षा अधिकारी तिला समजावत होता. "आत अनवाणी चालत नाही. नियम आहे."

"नवरात्र बसल्यापासून अनवाणी आहे बाळ मी. अंबाबाईला शब्द दिलाय. माझा पण नियमच आहे की."

अधिकाऱ्याने ऋतुजाकडे बघितलं. ऋतुजाने गोदामातून रबरी पट्ट्याची गुंडाळी मागवली आणि दारापासून गौराईपर्यंत अंथरून घेतली. हेल्मेटपासून मात्र सुटका नव्हती. सुनंदाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि त्यावर पिवळं हेल्मेट चढवलं.

"आई, लई शोभतंय," धैर्यशील म्हणाला. "उद्यापासून वेल्डिंगला ये."

धैर्यशील ऋतुजाचा थोरला भाऊ. शहरातल्या जुन्या मार्गावर तो मेट्रो चालवायचा. बिनचालक गाडीच्या चाचणीतसुद्धा परवानाधारक ड्रायव्हर सोबत लागतो, म्हणून आज त्याची नेमणूक इथे होती. पुढच्या बाकड्याखाली एका कुलूपबंद पेटीत घडीचं चालक-टेबल होतं, तातडीच्या वेळेसाठी. त्या पेटीची किल्ली त्याच्या गळ्यात होती. आईशी तो हसून बोलला. बहिणीकडे त्याने नुसतं बघितलं.

"आणि आज कशाला पळवताय हिला?" आईने विचारलं. "आज हत्यारांना विश्रांती असते."

"पळवत नाही आई, परीक्षा आहे. पाहुण्यांना आजचाच दिवस सोयीचा होता."

पूजा मांडली होती. कार्यालयातल्या पाच सवाष्णींनी टेबलावरच्या हत्यारांना हळदीकुंकू लावलं. मग ताट गौराईकडे निघालं, तेव्हा ऋतुजाने ते मध्येच आपल्या हातात घेतलं आणि आईपुढे धरलं.

"तू लाव."

आईचा हात पदरातच राहिला. "अगं, मी कशी? त्या आहेत ना चौघीपाचजणी."

"अण्णांच्या लेथला खंडेनवमीला कोण लावायचं?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

ऋतुजाचे वडील, अण्णा, गेल्यापासून आईला कुणी अशा ताटाजवळ बोलावलं नव्हतं, आणि तीही कधी पुढे झाली नव्हती. तिने पोथी सोडली नाही, उपास सोडले नाहीत, नवरात्रातली अखंड समई सोडली नाही. फक्त लोकांच्या मंगलकार्यात ती मागच्या रांगेत जाऊन बसायची. ऋतुजाला ती मागची रांग सलायची.

"लेथ तोच असतो आई, आणि हातही तोच. लाव की."

आईने ताट घेतलं. तेवढ्यात नियंत्रण कक्षातून ऋतुजाला बोलावणं आलं आणि ती वळली. जाता जाता तिला आईचं बोलणं ऐकू आलं: "कपाळ कुठं गं बाई तुझं?" सफाईच्या शिडीवर आई जपून चढत होती. कुणी तरी शिडी धरली. कुणी तरी म्हणालं, "वर, वर, मधोमध." ऋतुजा हसली आणि जिना चढून गेली.

*

गाडीला डोळे देणं फारसं अवघड नसतं. गौराईला तीन प्रकारचे डोळे होते. एक कॅमेऱ्याचा, माणसासारखं रंगरूप बघणारा. दुसरा लेसरचा. तो माणसाला न दिसणाऱ्या प्रकाशाचे बारीक ठिपके समोर उधळायचा आणि ते आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर मोजायचा. तिसरा रडारचा. रेडिओच्या लहरी धुक्यातून, पावसातून पलीकडे जातात, पण त्यांना आकार ढोबळ दिसतो. कॅमेरा आणि लेसर मोठ्या काचेच्या वर, एका काळ्या पट्टीमागे बसवले होते. रडार खाली, नाकाशी.

अवघड होतं ते पुढचं. यंत्राला प्रश्न विचारला की ते उत्तर देतंच. रुळावर काही आहे का? आहे, किंवा नाही. धूर असो, धुकं असो, ते आपलं ठामपणे एक काही तरी सांगून मोकळं होतं. ऋतुजाने गौराईला तिसरं उत्तर शिकवलं: मला कळत नाही. तिचा प्रत्येक डोळा दिसलं ते तर सांगायचाच, शिवाय आपल्या दिसण्यावर आपला किती भरवसा आहे तेही सांगायचा. सगळ्यांचं मिळून एक माप निघायचं. टीममध्ये त्याला शंका म्हणत. शंका थोडी असली तर गौराई वेग उतरवायची. शंकेने ठरलेली रेघ ओलांडली की थांबायची आणि नियंत्रण कक्षातल्या माणसाला विचारायची. मग त्या माणसाने तिचे डोळे, मार्गावरचे कॅमेरे, सगळं बघून तिला सांगायचं, चल, किंवा थांब.

प्रकल्पाचे मुख्य व्यवस्थापक घोरपडे साहेब वाईट माणूस नव्हते. या गाडीसाठी त्यांनी दिल्लीच्या वाऱ्या केल्या होत्या. पण ही शंका त्यांना सोसत नव्हती. सुरुवातीच्या चाचण्यांत गौराई बगळ्यांच्या थव्याला थांबली, तुटलेल्या पतंगाला थांबली, एकदा तर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फडफडणाऱ्या फ्लेक्सला थांबली.

"एवढी शंकेखोर सून आणलीस कुठून?" ते म्हणायचे.

ऋतुजाने तिला वर्षभर फिरवलं. उसाचं पाचट पेटतं तेव्हाचा धूर दाखवला, वीटभट्ट्यांचा दाखवला, नदीवरचं धुकं दाखवलं. थांबणं कमी कमी होत गेलं. तरी घोरपडे म्हणत, रेघ आणखी वर घे. दोन डोळ्यांना दिसलं की पुरे, बहुमत झालं.

"साहेब, बहुमत दिसणाऱ्यांचं असतं. ज्याला दिसत नाही त्याचंही ऐकायला पाहिजे."

वाद सुरक्षा परीक्षक तहसीन मुल्लाणींपुढे गेला. त्या कमी बोलायच्या. त्यांनी एवढंच ठरवलं की खंडेनवमीच्या चाचणीत गाडी डेपोपासून रंकाळ्यापर्यंत विनाकारण न थांबता गेली तर तिच्या डोळ्यांना मान्यता मिळेल. नाही तर ते डोळे काढायचे आणि बाहेरून तयार यंत्रणा विकत आणायची, बहुमताने चालणारी. गौराई मग नावाचीच गौराई राहिली असती.

आणि एक गोष्ट ऋतुजाने कुणालाच सांगितली नव्हती. ते तिसरं उत्तर तिला पुस्तकात सापडलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका सकाळी, धैर्यशीलने भरलेली मेट्रो पंचगंगेच्या पुलाअलीकडे थांबवली होती. शेतातल्या पाचटाचा धूर आणि नदीचं धुकं एकत्र होऊन पूल दिसेनासा झाला होता. मागे गाड्या तुंबल्या, लोक ओरडले, पेपरात आलं. धूर विरला तेव्हा पुलावर काहीच नव्हतं. चौकशीत त्याने एकच वाक्य सांगितलं, मला दिसत नव्हतं. विनाकारण गाडी थांबवल्याबद्दल त्याला मेमो मिळाला आणि ड्रायव्हरांच्या खोलीत त्याचं नाव पडलं थांबेराव. नाव धैर्यशील आणि काम असं, म्हणून हसण्याला आणखी धार. तो कधी काही बोलला नाही. पण घरी जेवताना ताटातला घास फिरवत बसलेला भाऊ ऋतुजाने बघितला होता, आणि तिच्या मनात तेव्हाच आलं होतं की असं म्हणू शकणारं यंत्र जगात एकही नाही.

हे ती त्याला सांगणार होती. सांगायला गेली ते भलतंच. यंदाच्या पाडव्याला तिने त्याला विचारलं, नियंत्रण कक्षात गौराईला उत्तरं देणारा माणूस होशील का?

"म्हणजे माझी गाडी तू काढून घेणार," तो म्हणाला, "आणि मला टीव्हीसमोर बसवणार."

तेव्हापासून बोलणं आईमार्फत. आई दादाकडेच राहायची. ऋतुजा फोनवर म्हणायची, दादाला सांग, औषध वेळेवर घे. पलीकडून ऐकू यायचं, तिला सांग, मी लहान नाही. आई म्हणायची, "मी काय पोस्टमन आहे का रे तुमची?"

*

चाचणी बघायला आलेले पाहुणे गाडीत बसले. आई सगळ्यात पुढच्या बाकड्यावर, मोठ्या काचेजवळ, पाय वर घेऊन, हेल्मेट तसंच. घोरपडे उभे. धैर्यशील पेटीशेजारी. मुल्लाणी मॅडम मागच्या डब्यात दारांची तपासणी करत होत्या. ऋतुजा हातात टॅब घेऊन काचेला टेकली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि समोर रूळ सरळ, रिकामे, चमकत पडले होते.

दारं मिटली. नियंत्रण कक्षाने निघण्याची आज्ञा दिली.

"मला नीट दिसत नाही," गौराई म्हणाली. "मी थांबते."

हा आवाज, हे शब्द ऋतुजानेच निवडले होते. 'तांत्रिक कारणामुळे' असलं काही तिला नको होतं. आता मात्र ते वाक्य डब्यात मोठ्याने घुमलं आणि तिने घाईने टॅब उघडला.

"एवढ्या उन्हात?" मागून कुणी तरी म्हणालं. "चष्मा लावा तिला!"

वरच्या काळ्या पट्टीवरचा छोटा वायपर आपोआप फिरल्याचा आवाज आला. पाण्याची चिळकांडी उडाली. आजच्या परीक्षेत नियंत्रण कक्षाने 'चल' म्हणायचं नव्हतं; तिचं तिनेच ठरवायचं होतं.

"मला नीट दिसत नाही. मी थांबते."

"नवमी पाळालीया," धैर्यशील पुटपुटला. "आज हत्यारांना सुट्टी."

दोनतीन पाहुणे हसले. घोरपडेंचे कान लाल झाले. ते ऋतुजाच्या अगदी जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "रेघ वर घे. इथूनच, टॅबवरून."

"कारण कळल्याशिवाय नाही, साहेब."

"रूळ मोकळा आहे. तुला दिसतोय, मला दिसतोय, तुझ्या आईलासुद्धा दिसतोय."

"गौराईला दिसत नाही."

"ऋतुजा, आज ही हलली नाही तर उद्या हिचे डोळे काढतील. तुझं सगळं काम भंगारात. कळतंय का?"

तिला कळत होतं. टॅबवर रडारची पट्टी हिरवी होती. लेसरची तांबडी, आणि कॅमेऱ्याचीही जवळजवळ तांबडी. तिने मान हलवली. नाही.

घोरपडे धैर्यशीलकडे वळले. "इंगवले, पेटी उघडा. पाठीमागे कुणाला काय कळतंय? अलगद काढा डेपोबाहेर, पुढे ती आपली आपण जाईल."

धैर्यशीलने किल्ली शर्टातून बाहेर काढली. गेले सहा महिने त्याला हेच तर हवं होतं. हिची गाडी अडावी आणि ती हलवायला शेवटी त्याचाच हात लागावा. त्याने किल्ली बोटांत फिरवली, समोरच्या मोकळ्या रुळांकडे बघितलं, मग पेटीकडे.

"साहेब, चालवायला मला कितीबी आवडंल," तो म्हणाला. "खरं, ती म्हणालीया दिसत नाही. माणूस म्हणाला असता तर त्याला ढकलला असता का तुम्ही?"

"ती माणूस नाही, इंगवले."

"मी होतो की. मीपण हेच म्हणालो होतो, तुम्ही जुन्या मार्गावर असताना. मेमोवर तुमचीच सही आहे."

धैर्यशीलने किल्ली परत शर्टात टाकली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा बहिणीशी थेट बोलला. "जा बारके. काय झालंय ते बघून ये."

*

शिडीवर चढून ऋतुजाने वरची काळी पट्टी बघितली आणि तिथेच थिजली.

हळद आणि कुंकू. ओलं करून, भरपूर, अगदी मनापासून लावलेलं. आणि गौराईच्या वायपरने पाणी मारून मारून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवलं होतं. काचेवर तांबूस पिवळा पडदा धरला होता. लेसरचे ठिपके बाहेर पडण्याआधीच त्या पडद्यावर आपटून परत येत होते. गौराईला नाकासमोर भिंत दिसत होती, आणि तिच्या रडारला मात्र भिंत दिसत नव्हती. म्हणून ती म्हणत होती, मला कळत नाही. पट्टीच्या कोपऱ्यात अक्षतेचा एक दाणा चिकटून बसला होता.

कपाळ कुठं गं बाई तुझं?

दोन वर्षं ऋतुजा या पट्टीच्या जागेवर भांडली होती. उंच हवी, मधोमध हवी, तिथून लांबचं दिसतं. पण उंच आणि मधोमध म्हणजे कपाळ, हे तिच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. या गावात कुठलंही नवं यंत्र आलं की पहिलं कुंकू कुठे लागणार, हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं.

तिचा हात रुमालाकडे गेला. एकदा नीट पुसलं की संपलं. धूळ होती म्हणायचं. खाली मोठ्या काचेतून आई तिच्याकडे बघत होती, तिरक्या हेल्मेटखालून हसत, हात जोडून. लेकीची गाडी आता निघेल म्हणून.

रुमाल हातातच राहिला. जिला तिने खरं बोलायला शिकवलं, तिच्याच तोंडून पहिलं खरं निघालं होतं, आणि ते झाकायला आपणच पुढे व्हायचं? ती खाली उतरली आणि डब्यात आली.

"डोळ्यांच्या काचेवर हळदीकुंकू आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गाडीला खरोखरच दिसत नव्हतं."

मग कुणी तरी फिसकन हसलं.

"कुणी लावलं?" घोरपडेंनी विचारलं.

"ताट मी दिलं होतं."

"लावलं मी," आई उभी राहिली. हेल्मेट काढून तिने छातीशी धरलं होतं. "कपाळ समजून लावलं. पोरीचा काही दोष नाही." आणि मग ऋतुजालाच ऐकू येईल एवढ्या आवाजात, "म्हणून मी नको म्हणत होते गं. माझ्या हाताला..."

ऋतुजाने हेल्मेटवरचा तिचा हात धरला. ती काही बोलणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

"कुणाच्या हातानं लागलं ते मला नको." मुल्लाणी मॅडम मागच्या डब्यातून येऊन केव्हाच्या उभ्या होत्या. "गाडीनं काय केलं ते सांगा."

"थांबली, मॅडम. काच स्वतः धुवायचा प्रयत्न केला. जमलं नाही म्हणून पुन्हा थांबली."

"घोरपडे साहेबांना हवी होती ती रेघ आज असती तर?"

ऋतुजाने साहेबांकडे बघितलं नाही. "तर तिनं लेसरची भिंत खोटी धरली असती, मॅडम. रडारला रूळ मोकळा दिसत होता. कॅमेऱ्याला एका फटीतून थोडंसं दिसत होतं. ती निघाली असती."

"अर्धी आंधळी. आम्हा सगळ्यांना घेऊन."

"हो."

डब्यातलं हसू कुठल्या कुठे गेलं. पाहुण्यांपैकी एकाने नकळत समोरचा दांडा घट्ट धरला.

मुल्लाणी मॅडम आईजवळ गेल्या. "काकू, मी या काचेवर चिखल लावून बघितला, तेल लावून बघितलं, काजळी लावली. हळदीकुंकू माझ्या यादीतच नव्हतं. आमच्या घरी नवं शिलाई मशीन आलं तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिलं तेच लावलं होतं, तरी मला सुचलं नाही. तुम्ही माझी सगळ्यात चांगली चाचणी घेतलीत. काच साफ करा. चाचणी पुढे चालू."



*

एक तंत्रज्ञ फवारा आणि फडका घेऊन शिडी चढायला लागला.

"पुसू नको रे!" आई जवळजवळ ओरडलीच. "आज नवमी. आजच्या दिवशी कपाळ पुसतात व्हय कुणाचं?"

तंत्रज्ञ अर्ध्या शिडीवर थांबला. कपाळ पुसणं म्हणजे काय, ते आईवर एकदा येऊन गेलं होतं आणि तिथल्या प्रत्येक बाईला ते माहीत होतं. घोरपडेंनी घड्याळाकडे बघायचं टाळलं.

आई डोळे मिटून उभी राहिली. रोज सकाळी समईपुढे उभी राहते तशी. मग म्हणाली, "अंबाबाईच्या पायावरचं कुंकू आपण पुसतो का? उचलून घेतो. प्रसाद असतो तो."

ती स्वतःच शिडी चढली. अनामिकेने काचेवरचं कुंकू उचललं आणि खाली बघितलं. धैर्यशीलने मान पुढे केली. तिने त्याला लावलं, मग ऋतुजाला. मग धैर्यशील एक पायरी वर चढला, त्याने काचेवरून बोट फिरवलं आणि आईच्या कपाळाकडे हात नेला.

"अरे, मला कसं..."

"प्रसाद आहे आई. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, तूच शिकवलंस."

आईने डोळे मिटले. त्याने लावलं. कोरड्या पडलेल्या त्या जागेवर इतक्या वर्षांनी तांबडं उमटलं, आणि तिथे उभ्या असलेल्या एकाही सवाष्णीच्या चेहऱ्यावर आठी आली नाही. उलट त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर पुढे झाली आणि म्हणाली, "सुनंदावहिनी, मलाही द्या."

मग रांग लागली. फिटर आले, वेल्डर आले, सुरक्षा अधिकारी आला, हेल्मेट काढून. घोरपडे साहेब आले. कपाळ पुढे करताना म्हणाले, "काकू, सून चांगली आहे. शंकेखोर आहे, पण चांगली आहे." मुल्लाणी मॅडमनी तळहात पुढे केला, तेव्हा आईने काचेच्या कोपऱ्यातला अक्षतेचा दाणा हलकेच सोडवून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो पर्समध्ये जपून टाकला.

उरलेलं तंत्रज्ञाने धुतलं. आता काच नुसती काच होती.

"मला दिसतं आहे," गौराई म्हणाली. "मी निघते."

ती निघाली तेव्हा बाकड्यावर ठेवलेला पाण्याचा पेलासुद्धा हिंदकळला नाही. शिरोलीच्या कारखान्यांचे पत्रे मागे पडले, फुललेला ऊस दोन्ही बाजूंनी वाकून बघून गेला, आणि पंचगंगेवर येताच खाली घाट, पाणी, दीपमाळा, सगळं उन्हात एकदम उघडलं. भट्टीवर काम करणारा एक जण काचेला नाक लावून म्हणत होता, "हिची चाकं आमच्या सांगाड्यात बसल्यात." तो कुणाला सांगत होता कोण जाणे.

पुलावर धैर्यशील ऋतुजाशेजारी येऊन उभा राहिला.

"हे थांबणं तुला सुचलं कुठनं, बारके?"

"इथनंच. या पुलाअलीकडनं. तुझ्याकडनं."

त्याने नदीकडे बघितलं. "नुसता धूर होता गं तो."

"तुला तेव्हा माहीत नव्हतं ना? म्हणून थांबलास. मी फक्त ते हिला शिकवलं."

त्याने गळ्यातली किल्ली काढली आणि बहिणीच्या हातावर ठेवली. रंकाळ्याच्या स्थानकात गौराई रेषेवर येऊन थांबली, तिला थांबायचं होतं तिथेच.

*

दुसऱ्या गाडीच्या आराखड्यात काळ्या पट्टीच्या खाली, मधोमध, तांब्याची एक गोल चकती दाखवलेली आहे. मंजुरीच्या बैठकीत कुणी तरी विचारलं, हिचं तांत्रिक काम काय? ऋतुजाने सांगितलं, पूजेची जागा. मुल्लाणी मॅडमनी काही न विचारता सही केली.

गाडी लोकांसाठी सुरू झाल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात आई गौराईतून देवीला निघाली होती, शुक्रवारी, शेजारणींना घेऊन. पुलाअलीकडे पाचटाचा धूर उतरला होता. गौराईने वेग उतरवला, आणखी उतरवला आणि ती उभी राहिली.

"मला नीट दिसत नाही. मी थांबते. तुम्ही बघता का?"

डब्यात कुरबूर सुरू झाली. कुणाला ऑफिस होतं, कुणाला कॉलेज. आणि मग छतातल्या स्पीकरमधून नियंत्रण कक्षाचा आवाज आला, शांत, कसलीही घाई नसलेला.

"थांब गं बाई. मी आहे. बघतो."

आईने पदर सावरला आणि शेजारणीकडे वळून, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा थोरला आहे तो."